सबनीस मॅडमची भीती

सबनीस मॅडम घाबरट होत्या. त्यांच्या तोंडावर कुणी तसं म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि पुढची फिल्म लावली असती. बोरिवलीकडच्या ज्या इस्पितळात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्यांच्या हाताखाली एक्स-रे खात्यात लागलो, तिथे वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळ्यांना ही गोष्ट माहीत होती. सगळे त्यावर हसत. मीही हसलो आहे.

मनोरीच्या जनार्दन कोळ्याची एक किडनी मेलेली होती आणि एक जिवंत. मेलेली कोणती, एवढंच आम्ही सर्जनला सांगायचं होतं. मी उलटं सांगितलं. मॅडम घाबरट नसत्या तर एका गुरुवारी सकाळी त्याची जिवंत किडनी काढली गेली असती आणि तो माणूस फार दिवस जगला नसता. त्या दिवसानंतर मी हसलो नाही. अजूनही मी तेच काम करतो, आणि मला जे थोडंफार येतं ते त्यांच्याकडून आलेलं आहे. म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला त्यांच्या भीतीबद्दलच लिहावं लागतं.

मी गंगाखेडचा. वडील शिंपी, आई त्यांच्या कपड्यांना काजं करायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. डॉक्टर झालो तेव्हा वडिलांनी माझा पांढरा कोट स्वतः शिवला. तो खांद्यात जरा मोठा झाला होता. पहिल्या दिवशी तो घालून मी मॅडमपुढे उभा राहिलो. त्या पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती साडी आणि वर कोट. त्यांनी नाव, गाव, कॉलेज काही विचारलं नाही. विचारलं, “तुम्हाला कशाची भीती वाटते?”

मी खरं ते सांगितलं. “इंग्रजीची, मॅडम.”

“ती जाईल,” त्या म्हणाल्या. “दुसरी एखादी ठेवा जवळ.”

मग त्यांनी एक छातीची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि म्हणाल्या, “आधी मराठीत सांगा काय दिसतंय ते.” मी गडबडलो. पुस्तकातले सगळे शब्द इंग्रजी होते. “तुमच्या आईला सांगितल्यासारखं सांगा. जे मराठीत सांगता येत नाही ते तुम्हाला दिसलेलंच नाही, नुसतं पाठ आहे.” पुढचे सहा महिने मी प्रत्येक रिपोर्ट आधी मराठीत तोंडी दिला आणि मग इंग्रजीत लिहिला. माझं इंग्रजी मॅडम लाल पेनने नाही, पेन्सिलने दुरुस्त करत. मला ते फार बरं वाटायचं. पेन्सिल खोडता येते.

आमच्या खात्याकडे त्या काळी हुशार मुलं वळत नसत. यादीत वर असलेले मेडिसिनला, सर्जरीला जात आणि उरलेले आमच्याकडे येत. मित्र चिडवायचे, “काय रे फोटोग्राफर, आज किती पासपोर्ट साइज काढले?” बायका हा विषय घेत, कारण वेळेवर घरी जाता येतं. आणि बायकाच हा विषय टाळत, कारण किरणांनी मूल होत नाही अशी सगळीकडे बोलवा होती. आमच्या इस्पितळात रेडिऑलॉजिस्टच्या जागा मंजूर होत्या तीन आणि माणूस होतं एक. बाकीच्या दोन जागांवर कुणीतरी यायचं, हात बसला की वर्षभरात अंधेरीला नाहीतर घाटकोपरला स्वतःचं क्लिनिक काढून निघून जायचं. मग ती खुर्ची पुन्हा रिकामी. सकाळपासून दुपारपर्यंत ओल्या फिल्मा तारेवर वाळत आणि सगळ्या एकट्या मॅडमच्या डोळ्यांखालून जात. मी आलो तरी मी कनिष्ठच. मी लिहायचं आणि त्यांनी बघायचं.

तुम्ही का नाही काढत क्लिनिक, असं एकदा मी विचारलं.

“तिथे मला एकटीला घाबरावं लागेल,” त्या म्हणाल्या.

“मला भीती वाटतेय” हे वाक्य त्या दुसरं कुणी “इथे खडा दिसतोय” म्हणेल तशा सुरात म्हणत. चेहऱ्यावर काही नसे. फिल्ममध्ये रोग दिसला की त्या सैल होत. काहीच दिसलं नाही की त्यांची चुळबुळ सुरू होई. “रोग सापडला की मी सुटते हो. नॉर्मल लिहायला मात्र हात उचलत नाही.” फिल्म हातात घेण्याआधी त्या साबणाने हात धूत, जणू पेशंटलाच हात लावायचा आहे. आणि रोज सकाळी साडेसातला, नवीन काम सुरू होण्यापूर्वी, आदल्या दिवशीच्या सगळ्या फिल्मा पुन्हा पाहत. त्या वेळी नावावर बोट ठेवून नाव झाकत आणि स्वतःचाच रिपोर्ट न वाचता पाहत. समोरचा चहा साय धरून थंड होई. आमचा टेक्निशियन गावडे त्याला ‘शिळ्याची पूजा’ म्हणायचा.

हा गावडे मालवणकडचा. वडील गिरणीत होते, हा एक्स-रेत आला. मॅडमच्या भीतीवर खरा उपाय त्याच्याकडेच होता. त्या घाबरल्या की तो म्हणे, “मॅडम, काय्येक होवचा नाय,” आणि त्या क्षणभर विश्वास ठेवत.

पण एकदा त्यानेच त्यांना घाबरवलं. आम्ही सगळे कोटाला एक छोटा बिल्ला लावत असू. त्याच्या आत फिल्मचा तुकडा. ठरावीक दिवसांनी ते बिल्ले ट्रॉम्ब्याच्या अणुकेंद्रात जात आणि कुणाच्या अंगात किती किरण गेले त्याचा कागद येई. मॅडम तो कागद उघडताना आधी शिपायाचं, मग माझं, मग टेक्निशियनांचं, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव पाहत. त्या वेळी गावडेच्या नावापुढे इतका मोठा आकडा होता की मॅडम खुर्चीत बसल्या. गावडेला बोलावून समोर बसवलं. उलट्या होतात का, केस गळतात का, भूक लागते का.

गावडे गडबडून म्हणाला, “मॅडम, भूक तर अशी लागता की बायको वैतागली. माका काय झाला?”

शेवटी कळलं की त्याने बिल्ला लावलेला एप्रन मशीनच्या खोलीतच खुंटीला टांगून ठेवला होता. पंधरा दिवस किरण गावडेने नाही, खुंटीने खाल्ले होते. सगळे हसून लोळले. मॅडमही हसल्या. आणि तरीही त्यांनी त्याचं रक्त लागोपाठ तीन आठवडे तपासून घेतलं. “खुंटीच होती हे मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या, “पण घाबरून झालंय, आता तपासून टाकू.”

वेणीचा किस्सा तर कॅन्टीनपर्यंत पोचला होता. एका शिक्षिकेच्या छातीची फिल्म मी पाहिली, नॉर्मल लिहिलं, मॅडमनी सही केली, बाई गेल्या. दहा मिनिटांनी मॅडमनी तीच फिल्म परत काढून लावली. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला एक पुसट सावली होती. “मला भीती वाटतेय,” म्हणाल्या आणि चपला बदलायलाही न थांबता खात्यातल्या रबरी सपाता घालून फाटकाबाहेर बसस्टॉपपर्यंत धावल्या. मी मागे. बाई बसच्या पायरीवर चढत होत्या. मॅडमनी त्यांना दंडाला धरून खाली घेतलं, मागे वळवलं आणि खांद्यावर पडलेली जाड वेणी हातात उचलून धरली. वेणीचीच सावली होती ती. फोटोच्या वेळी पुढे आली होती. बाई संतापल्या. “अहो, वेड लागलंय का तुम्हाला? माझी बस गेली!” मॅडम तीनदा सॉरी म्हणाल्या, आणि परत येताना वाटेत मला म्हणाल्या, “वेणीच होती. किती छान.” तेव्हापासून सर्जन नाडकर्णी त्यांचा फोन आला की विचारत, “काय सबनीसबाई, आज कुणाची वेणी?”

आता जनार्दनचं सांगतो.

एक्स-रे फिल्म ही पारदर्शक गोष्ट आहे. ती दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. ती उलटी धरली की उजवं डावं होतं आणि डावं उजवं, आणि ते ओळखायला फिल्ममध्ये काही खूण लागते. त्यासाठी फोटो काढतानाच पेशंटच्या बाजूला शिशाचं एक अक्षर ठेवतात, डावीकडे एल किंवा उजवीकडे आर. ते फोटोतच पांढरं उमटतं. आमच्याकडची अक्षरं सारखी हरवत. स्टोअरकडे मागणी लिहून महिने झाले होते. म्हणून मॅडमनी एका फाटक्या शिशाच्या एप्रनमधून स्वतः कात्रीने अक्षरं कापली होती. ती एका कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवत, आणि हरवू नयेत म्हणून ती डबी काम संपलं की आपल्या पर्समध्ये टाकून घरी नेत.

त्या आठवड्यात मंगळवारी आणि बुधवारी मॅडम रजेवर होत्या. त्यांची आई आजारी होती. डबी पर्समध्ये होती आणि पर्स घरी. अशा वेळी आमच्याकडे एक सोपी पद्धत होती, आणि ती सगळीकडेच होती. फिल्म वाळली की जठरातली हवा आणि हृदय बघायचं. दोन्ही माणसाच्या डावीकडे असतात. त्यावरून फिल्म सुलट धरायची आणि कोपऱ्यात शाईने एल लिहायचं.

मंगळवारी जनार्दनचे फोटो निघाले. मनोरीहून खाडी ओलांडणाऱ्या तरीने मार्व्याला येऊन तो दाखल झाला होता. चाळिशीचा, मासेमारी करणारा, ताप येऊन अंग सुकलेलं. शिरेतून औषध देऊन काढलेल्या त्या फोटोंमध्ये एक किडनी औषधाने उजळली होती आणि दुसरी काळीच राहिली होती. ती खड्यांनी आणि पुवाने भरून मेली होती. ताप तिचाच होता. ती काढायला हवी होती. मी फिल्म धरली, हवा डावीकडे आणली, एल लिहिलं. काळी किडनी डावीकडे आली. छातीच्या फिल्मवरही तसंच केलं. हृदय डावीकडे, एल. रिपोर्ट लिहिला: डावी किडनी निकामी. सही केली. पहिल्यांदाच एकट्याची. मला त्या सहीचा अभिमान वाटला, हे लिहायलाच हवं. जनार्दनला दुखतही डावीकडेच होतं, त्यामुळे सर्जनलाही शंका आली नाही. ते का, हे नंतर कळलं. जिवंत किडनीत एक छोटा खडा होता आणि ती दुखत होती. मेलेली गप्प होती.

गुरुवारी सकाळी साडेसातला मॅडम आल्या. हात धुतले. दोन दिवसांच्या फिल्मा काढून बसल्या. सर्जन पाकिटातल्या दोनच फिल्मा वर नेत असत, बाकीच्या आमच्याकडे राहत. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली.

“हे सगळे एल कुणी लिहिले?”

“मी, मॅडम. अक्षरं नव्हती.”

“कशावरून लिहिले?”

“हवेवरून. हृदयावरून. सगळ्यांची डावीकडेच असतात.”

“सगळ्यांची?” त्या म्हणाल्या. “तुम्ही या सगळ्यांना हात लावून बघितलंत?”

त्यांनी सगळी पाकिटं टेबलावर पसरली आणि एकेक बाजूला सारायला लागल्या. हा घरी गेला. हिचं हाड मोडलंय, ते डोळ्यांनीच दिसतं. हा परत येईल तेव्हा बघू. शेवटी एक पाकीट उरलं. त्यांनी भिंतीवरची ऑपरेशनची यादी पाहिली. पहिलं नाव जनार्दनचं होतं. घड्याळात सव्वाआठ झाले होते.

“या एकालाच आज कापणार आहेत,” त्या म्हणाल्या. “मला भीती वाटतेय.”

खरं सांगतो, माझ्या मनात वेणी आली. हजारो माणसांतून एखाद्याचेच अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात. मॅडमनी थिएटरला फोन लावला. ऑपरेशन सुरू व्हायचं असलं की तिथला रिसीव्हर काढून ठेवत. त्या उठल्या आणि जिन्याने निघाल्या. दुसऱ्या मजल्यावर वॉर्डात जनार्दनची खाट रिकामी होती. खाटेशी त्याची बायको हिरा बसली होती, मांडीवर त्याचा शर्ट. “न्हेला त्याला,” ती म्हणाली. मॅडम तिसऱ्या मजल्याकडे धावल्या. त्यांना दम लागत होता. मला वाटत होतं, आता पुन्हा सगळे हसणार आणि या वेळी माझ्यामुळे. त्याहून वाईट काही असू शकेल, हे मी मनात येऊच देत नव्हतो.

त्या चपलांसकट थिएटरमध्ये शिरल्या. सिस्टर ओरडली. जनार्दनला भूल दिलेली होती, उजव्या कुशीवर वळवून डावी बाजू वर घेतली होती, तिला तपकिरी औषध फासलेलं होतं. डॉक्टर नाडकर्णी हातमोजे चढवून उभे.

“काय सबनीसबाई,” ते म्हणाले, “आज इथपर्यंत वेणी?”

“एक मिनिट थांबा. मला याच्या छातीला हात लावू द्या.”

“बाई, सगळं निर्जंतुक केलंय. बाहेर व्हा.”

“मग मी नाही लावत. यांना लावू द्या.” मॅडम भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. “हृदय कुठे वाजतंय?”

“आवाज बारीकच येतोय मघापासून,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं माझा स्टेथोस्कोपच बिघडलाय.”

“उजवीकडे लावा.”

त्यांनी चादरीखाली हात घातला आणि स्टेथोस्कोप पलीकडे सरकवला. मी दारात होतो. मला फक्त त्यांचे डोळे दिसत होते. ते आधी बारीक झाले आणि मग मोठे.

“सर,” त्या म्हणाल्या, “उजवीकडे आहे.”

नाडकर्णींनी हातातलं पातं ट्रेमध्ये ठेवलं. त्याचा आवाज झाला तेवढाच. मग त्यांनी मास्क खाली ओढला. त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. “उठवा याला,” ते म्हणाले. पोट उघडल्यावर सरांच्या लक्षात आलंच असतं, असं नंतर काही जण म्हणाले. आलं असतं. नसतंही.

दुपारी मॅडमनी स्वतः डबीतली अक्षरं ठेवून फोटो पुन्हा काढवले. सगळं उलटं होतं. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे आणि मेलेली किडनी उजवी. मी डार्करूमच्या बाहेर बाकावर बसलो होतो. मला गंगाखेडचं घर दिसत होतं आणि मशीनवर वाकलेले वडील. आता मला काढतील, तिथे जाऊन काय सांगू? मॅडम बाहेर आल्या. नाडकर्णींनी रिपोर्ट कुणी लिहिला असं विचारल्यावर त्या “माझ्या खात्याने” एवढंच म्हणाल्या होत्या. मला काही म्हणाल्या नाहीत. ते जास्त जड गेलं.

नाडकर्णींचं म्हणणं होतं की पेशंटला काही सांगू नका, रक्तदाब वाढला म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं असं सांगा. सोमवारी करून टाकू. त्यांचं चूक नव्हतं. त्या काळी असंच करत. पण मॅडम वॉर्डात गेल्या. मी मागे उभा राहिलो. पेशंटशी बोलायची त्यांना सवय नव्हती. आम्ही सावल्यांशी बोलणारी माणसं. त्यांनी हिराला सरळ सांगितलं की आमची चूक झाली होती, चांगली बाजू कापली जाणार होती, ती चूक आता कळली आहे.

हिरा उठली, शर्ट नवऱ्याच्या अंगात घातला आणि म्हणाली, “चल, घरी जाऊ.” सिस्टरने समजावलं, नाडकर्णी येऊन ओरडले. तिने स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याच्या कागदावर अंगठा उठवला आणि तापाने फणफणलेल्या नवऱ्याला घेऊन गेली.

“झालं समाधान?” नाडकर्णी मॅडमना म्हणाले. “खरं बोललात. आता तो घरी मरेल.”

शुक्रवारी गावडे मॅडमना म्हणाला, “येतलो परत तो, काय्येक होवचा नाय,” पण त्यांनी मान वर केली नाही. पुवाने भरलेली किडनी किती दिवस थांबते हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. शनिवारी दुपारी काम संपल्यावर त्या म्हणाल्या, “मी मनोरीला जातेय.” मी म्हणालो, मीही येतो. त्या नको म्हणाल्या नाहीत.

मार्व्याच्या धक्क्यावरून तर सुटली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली होती. खाडी ओलांडेपर्यंत त्या समोर बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, “अक्षरं माझ्या पर्समध्ये होती. हरवतील या भीतीने मी ती घरी नेत होते. तुमच्या हातात शाई मी दिली.” मी म्हणालो, “सही माझी होती, मॅडम.” त्या म्हणाल्या, “हो. तीही होती.”

विचारत विचारत घर सापडलं. बाहेर बोंबील वाळत होते. जनार्दन दारातच गोधडी गुंडाळून बसला होता, डोळे तांबारलेले. हिरा आतून आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

“आता काय घेवाला आलाव?”

“त्याला न्यायला,” मॅडम म्हणाल्या. “नाही नेलं तर तो जाईल.”

“तुमी एकदा चुकलाव. परत चुकनार नाय कशावरना?”

मी पुढे झालो. “ताई, अक्षर मी लिहिलं होतं. चूक माझी.” तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या त्या मोठ्या खांद्यांच्या कोटाकडे, आणि नजर पुन्हा मॅडमकडे नेली. तिला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

मी मॅडमच्या जागी असतो तर खात्री दिली असती. मॅडम म्हणाल्या, “परत चुकू शकतो. मी खात्री देत नाही. मलाही भीती वाटते. म्हणून तो आत असेपर्यंत मी आत उभी राहीन.” मग त्या खाली जनार्दनसमोर जमिनीवर बसल्या. साडी वाळूत. “तुमचं काळीज कुठे आहे, हात ठेवा बघू.”

जनार्दनने हात डावीकडे ठेवला.

“लागतंय काही?”

तो थांबला. त्याने हात थोडा वर नेला, थोडा खाली. मॅडमनी त्याचं मनगट धरून हात अलगद उजवीकडे नेला आणि सोडला. तापामुळे ठोके जोरात पडत असणार. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग तो खोकत हसला.

“आयला! यो इकडं ऱ्हातो? हिरे, हिकडं ये, बघ गो!”

हिरा उंबऱ्यातून हलत नव्हती. “काय बघू?”

“हात ठेव. ठेव ना! इतकी वर्सं संसार केला, मना पण ठाव नाय नि तुला पण नाय.”

ती आली. तिने त्याच्या छातीवर उजवीकडे हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. मग मॅडमकडे न बघता म्हणाली, “मार्व्याची तर पाचला सुटते.”

सोमवारी ऑपरेशन झालं. मॅडम गाऊन घालून शिशाच्या अक्षराची फिल्म दोन्ही हातांत धरून थिएटरात उभ्या होत्या. नाडकर्णींनी एकदा विचारलं, “बाजू?” त्या म्हणाल्या, “उजवी.” त्यांनी पुन्हा विचारलं, टोमणा न मारता, आणि त्यांनी पुन्हा सांगितलं. दीड तासाने खड्यांनी भरलेली किडनी बाहेर आली. नाडकर्णींनी ट्रे त्यांच्यापुढे धरला. सगळे बघायला वाकले. मॅडमनी ट्रेकडे पाहिलंच नाही. जी निघाली तिच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

त्यानंतरही दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. माझी बदली झाली तेव्हा खात्याने चहा दिला, त्या आल्या, दोन शब्द बोलल्या. ते शब्द मला आठवत नाहीत. शेवटचं म्हणून मला जे दिसतं ते त्या सोमवारच्या दुपारचं. पुरुषांचा वॉर्ड. जनार्दन गुंगीत. खाटेखाली काचेची बाटली, तिच्यात सोडलेली नळी. आता एकच किडनी उरली होती, आणि ती काम करते की नाही हे त्या बाटलीलाच ठाऊक होतं. पलीकडे हिरा जमिनीवर, अलीकडे स्टुलावर मॅडम, पदर खोचलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. दोघी बाटलीकडे बघत होत्या. दोघींच्या चेहऱ्यांवर एकच भीती होती. मी दोनदा जाऊन आलो, बाटली कोरडीच होती.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा नळीत काहीतरी हललं. एक पिवळा थेंब तोंडाशी आला, लोंबकळला आणि पडला. मग दुसरा. हिराने मॅडमच्या गुडघ्यावरचा हात पकडला. मॅडमनी तो काढून घेतला नाही.

मी म्हणालो, “मॅडम, आलं. चला आता. सकाळपासून काही खाल्लं नाही तुम्ही.”

“तुम्ही व्हा पुढे,” त्या म्हणाल्या. “खाली फिल्मा साचल्या असतील.”

मी दारातून वळून पाहिलं. बाटलीचा तळ जेमतेम ओला झाला होता. त्या आणखी थोड्या पुढे वाकून बसल्या होत्या.